खोरियाबोटचा पिवळा उजेड

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असतं तर आधी मान वाकडी करूनच पाहिलं असतं. ओढ्याकाठची एक दगडी खोली, खोलीत अंधार आणि त्या अंधारात गंज चढलेलं एक पोटफुगं लोखंड. हे काय आहे, कुणी आणून टाकलं, यात काही लपवलंय का, असं तुमच्या मनात आलं असतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. संशयाची मला जन्मापासून सवय आहे. मी पाण्याच्या धारेवर फिरणारं टर्बाइन आहे, आता बरंच जुनं झालेलं. माझ्या फिरण्यावर खोरियाबोट गावाचे दिवे लागत असत.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बुटवल शहरातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या कारागिराने माझी पाती एकेक करून जोडली, तो प्रत्येक सांध्यावर हातोडी मारून कान लावायचा. "मला याचा आवाज पटत नाही," असं म्हणून जोडलेलं पातं पुन्हा कापायचा. मला न्यायला गावचे सुभेदार जितमान घर्ती आले. भारताच्या फौजेतून निवृत्त झालेला हा ताठ माणूस वीज समितीचा अध्यक्ष होता. त्यांनी माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, नखाने माझा रंग खरवडला आणि विचारलं, "नवंच आहे ना? जुन्याला रंग फासून तर देत नाही ना तुम्ही?"

कारागीर हसला. सुभेदार हसले नाहीत.

जीपचा रस्ता संपला तिथून माणसांनी मला बांबूला बांधून डोंगरावर चढवलं. सिमखोला ओढ्याचं पाणी पाटाने वळवून, वर बांधलेल्या हौदातून लोखंडी नळाने माझ्या अंगावर सोडायचं ठरलं होतं. मी पोचायच्या आधीच गावात बोलणं सुरू झालं होतं. पाण्यातली वीज काढून घेतल्यावर पाण्यात राहतं काय? ते भाताला कसं लागू पडणार? सुभेदारांची म्हातारी आई, जिला सगळं गाव बज्यै म्हणजे आजी म्हणायचं, तिने माझ्यातून बाहेर पडलेलं पाणी तांब्यात धरलं, वास घेतला आणि आधी कोंबडीला पाजलं. संध्याकाळपर्यंत ती कोंबडीजवळ बसून राहिली. कोंबडी मेली नाही. तरी बज्यै म्हणाली, "आज नाही मेली. उद्याचं कुणी पाहिलंय!"

पण त्याच संध्याकाळी दिवे लागले. वरच्या वाडीत लागले, खालच्या वाडीत लागले. लोक अंगणात येऊन एकमेकांच्या घरांकडे बघत राहिले. त्या रात्री मला झेंडूची माळ घातली गेली. एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

दिवसा मी पट्ट्यावर गिरणी फिरवत असे. मक्याचं पीठ निघे, भात कांडला जाई. दळणाला आलेल्या बायका पोत्यांवर बसून बोलत आणि गावातलं सगळं मला तिथेच कळे. सुरुवातीला मला चालवायला एक तरुण होता. तो मलेशियाला गेला. गावातले बहुतेक तरुण असेच कुठेकुठे गेलेले होते. मग डम्बरकुमारी रोका, म्हणजे आमची डम्बरी, हिच्याकडे किल्ली आली. तिचा नवरा कतारमध्ये होता. बाईमाणूस यंत्र चालवणार म्हटल्यावर कुजबूज झालीच. पण दुसरं कुणी नव्हतं आणि तिचा हात चांगला होता. सकाळी ती पाटावर जाऊन जाळीतला पालापाचोळा काढी. आल्यावर माझ्या बेअरिंगला ग्रीस देई आणि पदराला हात पुसत म्हणे, "चल गं बाई, लाग कामाला." मला कुणी बाई म्हटलेलं तेवढंच.

मी आल्याने एका माणसाचं मात्र नुकसान झालं. हर्कमान बुढा नावाच्या माणसाची वर डोंगराच्या धारेवर डिझेलची गिरणी होती. तिचा टुकटुक आवाज पूर्वी सगळ्या खोऱ्यात घुमायचा म्हणे. मी फिरायला लागलं आणि तो आवाज बंद झाला. हर्कमानने भांडण केलं नाही. पण घरात वीजही घेतली नाही. त्याच्या घरी रॉकेलचा दिवाच जळत राहिला. अधूनमधून तो पाटाच्या काठावर येऊन उभा राही, पाण्याकडे बघे आणि निघून जाई. बायका दळण घेताना म्हणत, "मनात काहीतरी आहे त्याच्या. उगाच कोण पाण्याकडे बघत उभं राहतं?"

असं दोन-चार वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात दिवे पिवळे पडायला लागले.

मित्रांनो, माझं काम सोपं आहे. पाणी माझी पाती ढकलतं, मी फिरतं आणि शेजारच्या जनरेटरला फिरवतं. गाव जेवढी वीज ओढेल, तेवढा भार माझ्यावर येतो. भार फार झाला की मी दमतं आणि मी दमलं की दिवे पिवळे पडतात. पण हा भार कुठून येतो, ते मला दिसत नाही. संध्याकाळ झाली की कुणीतरी मला मागून धरून ठेवतंय असं वाटायचं. मी जोर लावायचं, पट्टा किंचाळायचा, बेअरिंग तापायचं. मलाही शंका यायला लागली. कधी वाटे, डम्बरीने पाणी कमी सोडलं असेल. कधी वाटे, माझंच एखादं पातं सुटत असेल. हर्कमान खिडकीवरून गेला की मला वाटे, हाच.

हिवाळ्यात पाणी कमी होतं, तेव्हा कुणी काही बोललं नसतं. पण ओढा दुथडी भरून वाहत होता आणि उजेड मात्र मेणबत्तीएवढा. डम्बरीने जाळी साफ केली, हौद उपसला, तारा तपासल्या. फरक पडला नाही. वरची वाडी म्हणू लागली, खालचे आकडे टाकून वीज चोरतात. खालची वाडी म्हणू लागली, तार आधी वरून येते, वरचेच मधल्यामध्ये पितात. आणि दोन्ही वाड्या मिळून म्हणू लागल्या, हर्कमान.

"पाटाला कुठेतरी भोक पाडलंय त्याने," खालच्या वाडीचा कर्णे म्हणाला. हा कर्णे समितीत होता आणि त्याचा आवाज माझ्या पट्ट्यापेक्षा मोठा होता. "नाहीतर संध्याकाळीच कसं होतं? दिवसा गिरणी छान चालते!"

"पाट मी रोज बघते," डम्बरी म्हणाली. "भोक कुठेच नाही."

"तू बघतेस, तेच तर," कर्णे म्हणाला आणि पुढचं न बोलता निघून गेला.

त्यानंतर पाटावर पाळत बसली. हर्कमानच्या घरी लोक जाईनासे झाले. त्याची बायको देउसरी दळण घेऊन आली की इतर बायका पोती जरा बाजूला ओढत, जसं काही ती पीठही चोरणार होती. देउसरी आपली पाळी आली की गिरणीत मका ओती आणि तोंड फिरवून उभी राही.

एके दिवशी दुपारी हर्कमान धावत माझ्या खोलीत आला. त्याच्या अंगावर चिखल होता.

"डम्बरी, देउसरी झाडावरून पडली. चारा काढायला चढली होती. तिला उठताच येत नाही. कंबर गेलीय वाटतं. रस्त्यापर्यंत न्यायला माणसं दे गं कुणी!"

"तुम्ही गावात सांगितलंत का, दाजू?" डम्बरीने विचारलं. ती त्याला दाजू म्हणजे दादा म्हणायची.

"सगळ्यांना सांगितलं."

डम्बरी त्याच्याबरोबर गावात गेली आणि थोड्या वेळाने एकटीच परत आली. कुणी शेतावर जायचं निमित्त सांगितलं होतं. कुणी म्हणालं होतं, आपल्याला सगळ्यांना खाली धाडायचं आणि मागे पाटावर काहीतरी करायचं, असा डाव असेल. तिने नळाची झडप फिरवून माझं पाणी बंद केलं. मी हळूहळू थांबलं. खोलीला कुलूप लावून ती धावत गेली.

पुढचं मी खिडकीतून पाहिलं, कारण खाली रस्त्याकडे जाणारी वाट माझ्या खोलीवरूनच जाते. पाठीवर न्यायच्या बांबूच्या मोठ्या टोपलीत, डोकोत, देउसरीला बसवलं होतं. डोकोचा पट्टा हर्कमानच्या कपाळावर होता. मागून डम्बरी टोपलीला हात देऊन चालत होती. घसरडी वाट, वरून पाऊस. देउसरी ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं, असं मला वाटलं.

त्या दिवशी गावात दिवे लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डम्बरी परतली, तेव्हा सुभेदार आणि कर्णे माझ्या दारातच उभे होते.

"कुणाला विचारून बंद केलंस?" सुभेदारांनी विचारलं.

"विचारायला सगळ्यांच्या दारी गेले होते, सुभेदारसाहेब. तुमच्याही."

"मी घरी नव्हतो."

"मिशा दिसल्या मला खिडकीत."

सुभेदार खाकरले. कर्णे मधे पडला. "आता समजलं सगळं. पाटावर तो, मशीनवर ही. दोघांनी वाटून घेतलंय."

"काय वाटून घेतलंय, तेही सांग ना," डम्बरी म्हणाली. "अंधार?"

तिने कुलूप काढलं, झडप उघडली. मी फिरायला लागलं. पण समितीने ठरवून टाकलं होतं. विश्वकर्मा पूजा झाली की किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. दुसरा म्हणजे कर्णेचा मेहुणा, ज्याला ग्रीसचा डबा आणि तुपाचा डबा यातला फरक सांगावा लागला असता. मला त्याचीही धास्ती होती.

विश्वकर्मा पूजेला आमच्याकडे यंत्राचा सण असतो. सकाळी मला धुऊन पुसून टिळा लावला गेला. कोंबडे कापले गेले. संध्याकाळी दोन्ही वाड्यांचं जेवण माझ्या खोलीपुढच्या अंगणात होतं. मोठमोठ्या चुलींवर भात आणि रस्सा शिजत होता, तांदळाच्या पिठाच्या गोल सेलरोट्या तळल्या जात होत्या, घरी गाळलेली दारू, रक्सी, फिरत होती. गावात चूल पेटलेलं एकही घर नव्हतं. डम्बरीने हर्कमानलाही बोलावून आणलं होतं. देउसरी दवाखान्यातून परत आली होती, पण घरातच पडून होती. हर्कमान एका कडेला बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली.

अंधार पडला आणि डम्बरीने दिवे सोडले.

मित्रांनो, मला त्या क्षणी आश्चर्य वाटलं. मागून धरणारे हात नव्हतेच! मी मोकळं फिरत होतं. अंगणातला दिवा दुधासारखा पांढरा लागला. वर डोंगरावर घरांचे दिवे चांदण्यांसारखे दिसत होते. लोक जेवता जेवता थांबले.

"अरे, पहिल्या दिवशी असेच होते की!" कुणीतरी म्हणालं.

मग कर्णे उठला. त्याच्या हातात रक्सीची वाटी होती. "बघा! बघा सगळ्यांनी! आज हर्कमान आपल्या डोळ्यांसमोर बसलाय. म्हणून उजेड आहे. अजून पुरावा पाहिजे का कुणाला?"

सगळ्या माना हर्कमानकडे वळल्या. त्याने पानावरचा हात उचलला. सुभेदार उठले आणि त्याच्याकडे चालू लागले. मला वाटलं, आता हात टाकणार. मी यंत्र आहे, मला थांबता येत नाही आणि ओरडताही येत नाही.

इतक्यात दिवा थरथरला. पांढरा उजेड किंचित पिवळा झाला आणि तसाच राहिला.

सुभेदार जागच्या जागी थांबले. हर्कमान त्यांच्यासमोर मांडी घालून बसलेला होता. त्याच्या बोटांना भात लागलेला होता.

"आता हे कुणी केलं?" डम्बरी म्हणाली. ती खोलीच्या दारात उभी होती. "दाजू तर इथे आहेत. मी इथे आहे. इथे कोण नाही, ते बघा."

लोक इकडेतिकडे बघू लागले. मग सुभेदारांनाच आठवलं. त्यांची बायको गौमाया मघाशीच घरी गेली होती. बज्यै आता अंथरुणावर होती आणि तिला तिखट रस्सा चालत नव्हता. सुभेदारांचं घर माझ्या खोलीच्या बरोब्बर वर, हाकेच्या अंतरावर होतं. त्यांनी फौजी आवाजात हाक मारली.

"ए गौमाया! काय करतेस गं?"

वरून तितक्याच मोठ्या आवाजात उत्तर आलं. "बज्यैला मऊ भात टाकलाय! का?"

"चुलीवर?"

"चूल कोण पेटवतंय आता! राइस कुकर लावलाय!"

ते शब्द समोरच्या डोंगरावर आपटून परत आले. राइस कुकर, राइस कुकर. मित्रांनो, गावाचा नियम असा होता की घरात फक्त दिवे लावायचे. तो नियम सुभेदारांनी स्वतः सभेत वाचून दाखवला होता. आता ते मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होते.

कर्णे खो खो हसला. तेव्हा त्याची बायको पातेल्याजवळून म्हणाली, "हसता काय? आपला कुठे आहे, सांगू का?"

"गप!"

"धान्याच्या कणगीमागे आहे. माझ्या भावाने कतारहून आणलेला. पण आम्ही रोज नाही लावत हं, सुभेदारसाहेब. पाहुणे आले की फक्त."

"तुमच्याकडे पाहुणे रोज असतात," दुसरी एक जण म्हणाली.

"आणि तुझ्याकडे पाणी तापवायची कांडी आहे, ती काय देवाला वाहिलीय?"

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. कुणाचा कुकर धान्यात, कुणाचा पलंगाखाली, कुणाचा गोठ्यात गवताखाली. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्याच्या कुकरने काय होणार? प्रत्येकाने तो संध्याकाळी एकाच वेळी लावला होता. आणि दिवा पिवळा पडला की प्रत्येक जण दार लावून शेजाऱ्याला शिव्या घालत होता. सगळं अंगण हसायला लागलं. सुभेदारही मिशांत हसले.

हर्कमान हसला नाही. त्याने पान गुंडाळलं, हात धुतले आणि उभा राहिला.

"माझ्या घरात तुमचा एक दिवासुद्धा नाही," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "देउसरी पडली त्या दिवशी मला चार माणसं हवी होती. तुम्ही सगळे घरात होतात. उजेड तुमच्याच कुकरमध्ये शिजतोय, हे एकाने जरी तेव्हा कबूल केलं असतं, तर मी तसा दारोदार तिष्ठत उभा राहिलो नसतो."

तो निघून गेला. कुणालाही पुढचा घास घेता आला नाही.

डम्बरीची किल्ली कुणी मागितली नाही. तिला काढलं असंही कुणी म्हणालं नाही, ठेवलं असंही नाही. कर्णेचा मेहुणा दिसेनासा झाला. सकाळीही थोडा वेळ वीज सोडायची, वरच्या वाडीने तेव्हा आणि खालच्या वाडीने संध्याकाळी कुकर लावायचा, असं ठरलं. दिवे पुन्हा उजळ झाले. पण संशय काही गेला नाही. आता बायका संध्याकाळी एकमेकींच्या दारावरून हळूच जात आणि भाताच्या वाफेचा वास येतो का ते बघत.

दिवाळीच्या आधी हर्कमान गाव सोडून खाली दाङच्या सपाट मुलखात राहायला निघाला. देउसरी आता काठी टेकत, एक पाय ओढत चालत होती. माझ्या खोलीपाशी सुभेदारांनी त्यांना गाठलं. त्यांच्या हातात झेंडूची माळ होती.

"हर्कमान, थांब की. चुकलं आमचं. गाव काही वाईट नाही."

"थांबू कशाला?" हर्कमान म्हणाला. "संशय घ्यायला माणूस कमी पडेल म्हणून?"

सुभेदारांनी माळ पुढे केली. हर्कमानने ती घेतली नाही. देउसरीने घेतली आणि घेऊन माझ्या दाराच्या कडीला अडकवली. मग ती दोघं वाट उतरून गेली. तो माणूस पाटावर उभा राहून पाण्याकडे का बघत असे, ते मला आजही माहीत नाही. एवढा संशय घेतला सगळ्यांनी, पण त्याला सरळ तोंडावर कुणी विचारलंच नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारी विजेचे खांब डोंगर चढून आले. ती वीज भरपूर होती. लोक तिच्यावर भात शिजवू लागले, टीव्ही बघू लागले. पिठाची गिरणीही रस्त्याकडे गेली. माझं पाणी बंद झालं. एकदा भंगारवाला येऊन मला ठोकून पाहून गेला, आणि झालं, वरच्या वाडीला वाटलं की खालचे मला विकणार आणि खालच्यांना वाटलं की वरचे. म्हणून माझ्या दाराला दोन कुलपं लागली. एक वरच्यांचं, किल्ली सुभेदारांकडे. एक खालच्यांचं, किल्ली डम्बरीकडे. एकाने येऊन उपयोग नाही आणि दोघं एका वेळी कधी यायची नाहीत. ग्रीसचा डबा माझ्यापासून हातभर अंतरावर पडला होता. मला कुणी विकलं नाही, पण मी तिथेच गंजत गेलं.

गेल्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि सरकारी खांब वाहून गेले. गावात कित्येक दिवस अंधार होता. एका सकाळी बाहेर पावलं वाजली. डम्बरीचा आवाज मी ओळखला, जरा थकलेला. दुसरा आवाज सुभेदारांचा होता, आता पार म्हातारा.

"तुम्ही आधी काढा," डम्बरी म्हणाली.

"तू आधी."

मग एक कुलूप खटकन उघडलं आणि त्यामागून दुसरं. दार कुरकुरलं. उजेड आत आला. डम्बरीने माझ्या दांड्याला हात लावला, तो हलेना. तिने रॉकेल ओतलं, हातोडीने हळूहळू ठोकलं, ग्रीस भरलं. सुभेदार पोत्यावर बसून बघत राहिले. दुपारपर्यंत माझा दांडा हलला. आवाज वाईट आला, पण आला.

निघताना डम्बरीने आपलं कुलूप लावलं. सुभेदारांनी आपलं कुलूप हातात घेतलं, बघितलं आणि खिशात टाकलं.

"का हो? बसला का विश्वास?" तिने विचारलं.

"नाही," सुभेदार म्हणाले. "पण रोज एवढं खाली उतरायचं म्हणजे गुडघे दुखतात."

डम्बरी मोठ्याने हसली. मला तेवढं पुरेसं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या गावातही असं एखादं सगळ्यांचं यंत्र असेल. पाण्याचा पंप असेल, गिरणी असेल. ते बिघडलं की चोर शोधायला धावू नका. आधी आपल्या घरात बघा. मग शेजाऱ्याला विचारा, दार वाजवून, समोर उभं राहून. आणि काहीच जमलं नाही, तर निदान महिन्यातून एकदा दार उघडून त्याला ग्रीस द्या. तुमचा एकमेकांवर विश्वास बसेपर्यंत आम्ही वाट बघू, पण गंज वाट बघत नाही.